पहिल्या सत्रातले चार क्रेडिट : संगीताच्या अभ्यास मंडळाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, संगीत विषयाचे अभ्यास मंडळ,
तसेच नाशिकमधल्या पदव्युत्तर संगीत वर्गांचे विभागप्रमुख

सप्रेम नमस्कार.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधाचे विषय ठरायला लागले की नाशिकमध्ये गाणे शिकवणाऱ्या कुठल्याही घरी ठरावीक शीर्षके ऐकू येतात. 'राग भूपाली व देशकार : एक तुलनात्मक अभ्यास'. 'अमुक घराण्याचे संगीतातील योगदान'. 'शास्त्रीय संगीताचा मानवी मनावर होणारा परिणाम', आणि सोबत ओळखीच्यांकडून भरून घेतलेली प्रश्नावली. पहिल्या दोन शीर्षकांत प्रश्नच नाही, आणि तिसऱ्याचे उत्तर प्रश्नावली छापायच्या आधीच ठरलेले असते. ज्यांना संगीत आवडते त्यांनाच 'संगीताने मन प्रसन्न होते का' असे विचारल्यावर दुसरे काय निघणार?

मुलांना यात दोष देता येत नाही. ती मेहनत करतात, गातात चांगली, विशारद-अलंकारच्या परीक्षा देऊन आलेली असतात. त्यांच्या कानाला भूपाली आणि देशकार यांतला फरक तीन स्वरांत कळतो. हे 'कळणे' तपासायचे कसे, कुणापुढे मांडायचे कसे आणि त्याला पुरावा कोणता द्यायचा, एवढेच त्यांना कुणी दाखवलेले नसते. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, विद्यार्थ्यांना नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जी चौकट आली, तिच्यात पहिल्याच सत्रात संशोधन पद्धतीला चार क्रेडिट आहेत. दुसऱ्या सत्रात क्षेत्रकार्य किंवा प्रत्यक्ष कामाचे चार, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाचे चार आणि चौथ्यात सहा. म्हणजे दोन वर्षांतले अठरा क्रेडिट या ना त्या रूपात संशोधनाचे झाले. दुसरीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी एम. फिल. बंद केली. पूर्वी एम. ए. नंतर एम. फिल.च्या वर्षात पद्धतीचे निदान तोंडओळखीपुरते शिक्षण व्हायचे. ती पायरी आता राहिली नाही. उद्या पीएच. डी.ला येणाऱ्या मुलाने पद्धत शिकायची ती एम. ए.तच. त्यामुळे या चार क्रेडिटांत काय चालते याला आधी नव्हते इतके महत्त्व आले आहे.

चालते काय? गृहीतक म्हणजे काय, त्याचे प्रकार किती, नमुना निवडीच्या पद्धती, प्राथमिक व दुय्यम साधने, काय-वर्ग चाचणी, अहवाललेखनाची प्रकरणे. वाणिज्य किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकावरून काढलेल्या नोट्स, आणि त्यावर सत्राच्या शेवटी थोडक्यात उत्तरे. नेट परीक्षेच्या पहिल्या पेपरात संशोधन अभियोग्यतेचे प्रश्न असतात, तेवढी त्यातून तयारी होते, हे मान्य. पण गायनाच्या विद्यार्थिनीला नमुना निवडीचे प्रकार पाठ येतात आणि एका ध्वनिमुद्रणाबद्दल चार ओळी जबाबदारीने लिहिता येत नाहीत, ही सध्याची अवस्था आहे.

संगीतातला मुख्य दस्तऐवज आवाज आहे, हे मान्य केले की पुढचे सगळे बदलते. इतिहासाचा विद्यार्थी कागद वाचायला शिकतो, त्याची शाई, तारीख, लिहिणारा कोण, कुणासाठी लिहिले, हे तपासायला शिकतो. आमचा विद्यार्थी यूट्यूबवर गाणे ऐकतो आणि खाली लिहिलेले नाव जसेच्या तसे प्रबंधात उतरवतो. कुणी चढवले, मूळ तबकडी की मैफलीची टेप, साल कोणते, साथीला कोण, पट्टी (गाण्याचा आधारस्वर) तीच आहे का, यांतले काहीही विचारत नाही. पट्टीचेच घ्या. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी डिजिटल करताना ८२-८३ फेऱ्यांनी फिरली, तर आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एकमध्ये ऐकू येते, आणि लयही तितक्याच प्रमाणात वाढते. सुरुवातीच्या काळात तर सगळ्या तबकड्या ७८च्या वेगाने मुद्रित झालेल्याही नव्हत्या. अशा ध्वनिमुद्रणावरून 'अमुक गायकाची लय इतरांपेक्षा चढी होती' असा निष्कर्ष काढला, तर तो गायकाबद्दलचा आहे की यंत्राबद्दलचा?

या गावाला तर याचे हाताशी असलेले उदाहरण आहे. गायक दत्तात्रेय विष्णू पलुस्कर १९२१ साली नाशिकचे जन्मलेले, १९५५ साली गेले, वय अवघे चौतीस. त्यांच्या तबकड्याही आहेत आणि मैफलींची ध्वनिमुद्रणेही. तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे. तेवढ्यात आलाप किती, बोल किती, ताना कुठून सुरू होतात? मैफलीत तोच राग घेतला तर यातले काय पसरते आणि काय तसेच राहते? हा एम. ए.च्या विद्यार्थ्याला सत्रभरात पेलवेल असा खराखुरा प्रश्न आहे. यात घड्याळ लावून मोजण्यासारखे काहीतरी आहे, कानाने ठरवण्यासारखे काहीतरी आहे, आणि उत्तर आधीपासून माहीत नाही. 'पं. द. वि. पलुस्कर यांचे योगदान' या शीर्षकापेक्षा हे काम अवघड आहे, पण त्यातून गायकीबद्दल कळते.

वडिलांचे, म्हणजे विष्णु दिगंबरांचे, प्रकरण आणखी निकट आहे. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा हा माणूस आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत रामनाम आधाराश्रम करून राहिला. त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत बनवली होती. आज आपण सगळे विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत लिहितो. विद्यार्थी जुन्या गांधर्व परंपरेतली स्वरलिपीची पुस्तके उघडतो तेव्हा अक्षरांवरची टिंबे तो भातखंड्यांच्या सवयीने वाचतो. भातखंडे पद्धतीत वरचे टिंब म्हणजे तार, म्हणजे वरचे, सप्तक. पलुस्कर पद्धतीत वरचे टिंब म्हणजे मंद्र, म्हणजे खालचे सप्तक, आणि तारसाठी उभी रेघ. एका टिंबाने स्वर दोन सप्तके हलतो! कोमलाची खूण वेगळी, मात्रेचे भाग दाखवायची चिन्हे वेगळी. ज्या शहरात विष्णु दिगंबर राहिले, त्या शहरातल्या एम. ए.च्या मुलांना त्यांची लिपी वाचता येऊ नये याचे मला वाईट वाटते. दोन तासिकांचे काम आहे. एकच बंदिश दोन्ही पद्धतींत लिहायला लावायची, मग एखाद्या ध्वनिमुद्रणावरून तिसऱ्यांदा लिहायला लावायची, आणि विचारायचे की तिन्हींत काय सुटले. मींड सुटली, कण सुटले, समेच्या आधीची ओढ सुटली. लिहिताना काय गळते हे ज्याने एकदा स्वतः पाहिले, तो पुढे कुठल्याही पुस्तकातली बंदिश डोळे झाकून 'मूळ' म्हणणार नाही.

भातखंड्यांचे नाव निघालेच आहे, तर एक तक्रार नोंदवते. आमच्या प्रबंधांत 'पं. भातखंडे यांच्या मते' हा वाक्यारंभ पुराव्याच्या जागी येतो. ते म्हणाले, म्हणजे झाले. खुद्द भातखंडे मात्र असे चालत नव्हते. वकिलीची सनद असलेला हा माणूस १९०४ साली दक्षिणेचा दौरा करतो, गावोगावच्या पंडितांना गाठतो, ग्रंथात हे लिहिले आहे आणि तुम्ही तसे गात नाही, मग ग्रंथ खरा की गळा, असे थेट विचारतो. हिंदुस्थानी संगीत पद्धतीवरचे त्यांचे मोठे लेखन मराठीत आहे आणि गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून उलगडत जाते. मराठी विद्यार्थ्याला ते अनुवादाशिवाय वाचता येते. रागांच्या वर्गीकरणासाठी त्यांनी मांडलेल्या दहा थाटांवर पुढच्या विद्वानांनी बरेच आक्षेप घेतले, ते आक्षेपही वाचायला हवेत. पण एखाद्या रागाबद्दल चार उस्तादांनी चार गोष्टी सांगितल्यावर त्या माणसाने त्या कशा तोलल्या, हे बघण्यासाठी त्यातली पंचवीस पाने पहिल्या सत्रात वर्गात मोठ्याने वाचली, तर पद्धतीच्या तयार नोट्सची गरज उरणार नाही.

तीच गोष्ट श्रुतींची. सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरांतरांवर, दर वर्षी एखादा तरी प्रबंध येतोच. त्यात भरत, शार्ङ्गदेव हे जुने ग्रंथकार येतात, तक्ता येतो आणि प्रबंध संपतो. कृष्णाजी बल्लाळ देवल नावाच्या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी शतकापूर्वी अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार घेऊन स्वरांची प्रत्यक्ष मोजमापे केली होती. त्यांचे निष्कर्ष वादाचे ठरले, ठरोत. पण त्यांनी मोजले. पुढे १९६३ साली नझीर जयराजभाय आणि स्टोन यांनी प्रत्यक्ष गायन-वादनातले स्वर यंत्राने मोजले, तेव्हा एकाच कलाकाराचा तोच स्वर एकाच सादरीकरणात बराच हललेला दिसला. देवलांच्या सरकारी पगारात जे उपकरण मिळणे कठीण होते, त्याहून कितीतरी सरस साधन आज फुकट मिळते. प्राट आणि सॉनिक व्हिज्युअलायझर हे दोन्ही प्रोग्राम कुणीही संगणकावर उतरवून घ्यावेत. स्वराची उंची सेंटमध्ये दिसते, शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर. अर्थात यंत्रही फसते. कधी सप्तक चुकवते, कधी गायकाऐवजी तंबोऱ्याचा षड्ज पकडते, आणि साथीला पेटी असेल तर तुम्ही मोजलेला गंधार गळ्याचा नसून पेटीचा निघण्याची दाट शक्यता. म्हणून हे शिकवणाऱ्याजवळ कान हवा. तो आपल्या शिक्षकांजवळ आहे. संगणक न येण्याची लाज मात्र त्यांनी सोडायला हवी. मुले ते शिकवतील.

आता जिल्ह्याकडे वळते, कारण माझ्या मते तुमचे सगळ्यात मोठे दुर्लक्ष तिथे आहे. दुसऱ्या सत्रातले क्षेत्रकार्य म्हणून मुले काय करतात? एखाद्या संगीत महोत्सवाला स्वयंसेवक म्हणून जातात, नाहीतर शहरातल्या एखाद्या क्लासची माहिती गोळा करतात. आणि इथून दोन-तीन तासांवर सुरगाणा, पेठ, हरसूलच्या पट्ट्यात कोकणा या आदिवासी समाजाचा डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षात बसतो, रात्र रात्र पावरी हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरला चालत येतात, प्रत्येक दिंडीची चाल वेगळी. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर संबळ आणि गोंधळ. रंगपंचमीला रहाडींवर, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदांवर, ढोल. चामड्याच्या पानाऐवजी ढोलावर फायबरचे पान आले तेव्हा नाद कसा बदलला, टिपरू (वाजवायची काडी) धरायची पद्धत बदलली का, वाजवणारे चालीत काय वगळू लागले, हे आज पन्नाशी-साठीतल्या वादकांना सांगता येते. आणखी वीस वर्षांनी कुणाला विचारणार?

यात वेळापत्रकाची अडचण खरी आहे. मार्गशीर्ष म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर, आणि तेव्हा पहिल्या सत्राची परीक्षा. क्षेत्रकार्य दुसऱ्या सत्रात. विद्यार्थी मोकळा होतो तोवर डोंगऱ्यादेव उठलेला असतो. परीक्षा हलवा असे मी म्हणत नाही. क्षेत्रकार्याचे तास जिल्ह्याच्या पंचांगाप्रमाणे दोन्ही सत्रांत वाटून घ्यायची मुभा विभागांना द्या, एवढेच.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांचा विषय मुद्दाम काढते. हजारो गीते रचणारा, गावोगाव फिरून गाणारा हा कवी-गायक १९२२ साली आपल्या जिल्ह्यात जन्मला. त्यांची गाणी आजही दर १४ एप्रिलला गायली जातात. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली याच शहरात झाला, त्या चळवळीबरोबर गाण्यांतून प्रबोधन करणारे जलसे उभे राहिले. हा सगळा भाग साहित्याच्या आणि समाजशास्त्राच्या विभागांनी अभ्यासला, शब्द म्हणून, चळवळ म्हणून. चालींचे काय? एकच गीत सिन्नरमध्ये, नाशिक रोडला आणि मनमाडला कोणत्या चालीत गातात, कडवी कुठे गळतात, ढोलकीचा ठेका कसा बदलतो, हे लिहायला स्वरज्ञान लागते आणि ते आमच्या मुलांकडे आहे. संगीत विभागाने या गाण्यांना आपले म्हणू नये, असे कुणी ठरवले आहे का? नसेल, तर विषयांच्या यादीत ती का नाहीत?

क्षेत्रात जायचे तर आधी काही साध्या गोष्टी शिकवाव्या लागतील. फोनवर ध्वनिमुद्रण करताना आवाज आपोआप कमीजास्त करण्याची आणि गोंगाट काढण्याची सोय बंद करायची, नाहीतर फोन संबळाला गोंगाट समजून दाबून टाकतो. डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवायचे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली दाबलेली प्रत अभ्यासाला घ्यायची नाही. मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, गाव, गाणाऱ्याचे नाव आणि वाद्य तोंडाने बोलायचे. फाइलचे नाव हरवले तरी हे हरवत नाही. त्याच रात्री टिपण लिहायचे.

आणि परवानगी. याबाबत मला कडक बोलावेसे वाटते. गोंधळ्याच्या अंगणात जाऊन रात्रभर मुद्रण करायचे, ते यूट्यूबवर टाकायचे, प्रबंधात त्याचे नाव 'एक लोककलावंत' असे लिहायचे, हे आपल्याकडे सर्रास चालते. हीच मुले शहरातल्या बुजुर्ग गायकाकडे जातात तेव्हा दहा वेळा पाया पडतात आणि त्यांच्या वहीतली एक बंदिश उतरवून घ्यायलाही कचरतात. दोघांचा हक्क सारखा आहे. कशासाठी मुद्रण करतो, कुठे ठेवणार, नाव घालायचे की नाही, हे विचारायचे, मराठीत किंवा त्यांच्या बोलीत सांगायचे, आणि काम झाल्यावर एक प्रत त्यांच्या हातात द्यायची. पूजेतले काही भाग मुद्रित करू नका असे सांगितले, तर करायचे नाहीत. त्यासाठी एक पानाचा संमतिपत्राचा नमुना मंडळाने तयार करून सगळ्या विभागांना द्यावा.

भाषांबद्दल थोडक्यात. इंग्रजी लेख वाचता यायला हवेत, त्याला पर्याय नाही. मोडी आली तर पेशवे दप्तरातले गवयांच्या नेमणुकीचे कागद उघडतात. पण लेखन मराठीत करणाऱ्याला कमी लेखू नका. शिवाय नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०पासूनचे आहे. तिथले जुने ग्रंथ आणि स्थानिक वृत्तपत्रांतली मैफलींची वृत्ते शोधायला पहिल्याच महिन्यात एक दिवस वर्ग तिकडे न्या. झोटेरोसारखे संदर्भ नोंदवायचे फुकट साधन त्याच दिवशी दाखवून टाका.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे. 'मुलांनी गायचे कधी?' प्रात्यक्षिकाचे तास आधीच कमी झाले, रियाजाला वेळ नाही, त्यात हे. आक्षेप खोटा नाही. चांगला गाणारा विद्यार्थी पद्धतीच्या नावाखाली कागद रंगवत बसला तर मलाही राग येतो. पण वर सांगितलेले बहुतेक काम ऐकण्याचे आहे. एक बंदिश ध्वनिमुद्रणावरून मात्रेमात्रेने उतरवणारा विद्यार्थी ती वीस-तीस वेळा ऐकतो, आणि त्याच्या गळ्यावर त्याचा परिणाम होतोच. आणि प्रत्येकाने संशोधक व्हावे असेही नाही. ज्याला फक्त गायचे आहे त्याला प्रकल्पाऐवजी सविस्तर टिपणांसह मैफल सादर करू द्या. कुठली बंदिश कुणाकडून मिळाली, पाठभेद कोणते, आपण कोणता आणि का निवडला, एवढे त्याने पाच-सात पानांत लिहावे. तेही संशोधनच आहे, आणि कदाचित भूपाली-देशकारच्या शंभर पानांहून जास्त वाचले जाईल.

शिक्षकांची बाजूही आहे. नाशिकमधले बरेच शिक्षक तासिका तत्त्वावर काम करतात. त्यांना पद्धतीचा पेपर शेवटच्या क्षणी दिला जातो, कारण तो कुणालाच नको असतो. अशा शिक्षकाकडून सिन्नर-सुरगाण्याचे दौरे अपेक्षित ठेवायचे असतील, तर दौऱ्याचे तास कार्यभारात धरावे लागतील आणि प्रवासखर्च द्यावा लागेल. ते न करता अभ्यासक्रमात चार सुंदर वाक्ये वाढवली, तर काहीही बदलणार नाही.

तर माझे म्हणणे असे, की पहिल्या सत्राच्या चार क्रेडिटांपैकी निदान दोन प्रात्यक्षिकाचे करावेत. एक क्रेडिट म्हणजे प्रात्यक्षिकाचे तीस तास, म्हणजे साठ तास हातात येतात. स्वरलेखन, ध्वनिमुद्रणाची तपासणी, मुलाखत आणि एक छोटे ध्वनिमुद्रण, त्यात बसते. लेखी परीक्षेऐवजी त्यांवरच्या नोंदवहीला गुण द्यावेत. आणि तिसऱ्या सत्रात विषय मंजूर करताना शीर्षकाऐवजी विद्यार्थ्याकडून एक प्रश्न लिहून घ्यावा, ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल. 'एक अभ्यास' असे लिहिलेला अर्ज परत करावा.

मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हे घ्याल, तर दोन्ही स्वरलिप्यांच्या तासिकांचा आराखडा आणि संमतिपत्राचा कच्चा मसुदा मी विभागप्रमुखांकडे आधी पोहोचवते. तासिका घ्यायलाही येईन. मानधनाचे नंतर बघू; दौऱ्याला जाणाऱ्या मुलांच्या एसटीच्या तिकिटांचे मात्र आधी ठरवा.

कळावे,
आपली,
नाशिकमधली एक संगीत शिक्षिका